टाळी परत आली नाही

१

ज्यांना वाटतं की गाण्याचा कार्यक्रम म्हणजे गाणारी बाई, तिचा चमकीचा झगा आणि समोरच्यांची वाहवा, त्यांनी एकदा तीनशे खुर्च्या ओल्या फडक्यानं पुसून बघाव्यात. शिनूना, गावाच्या भाषेत मानानं बी शिनूना, सव्वीस वर्षं पुसत होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पांगानीत नदीच्या मुखाशी घायपाताच्या कंपनीचं जुनं गोदाम होतं. कंपनी गेली, दोराचा उग्र वास तेवढा मागे राहिला. त्या वासातच शिनूना आणि तिची जोडीदारीण किदावा, दोघी नवऱ्यांनी टाकलेल्या बायका, तारबचे, तिकडच्या गाण्याबजावण्याचे, कार्यक्रम लावायला लागल्या. तेव्हा गाव तोंडावर कांगा, अंगावरचं रंगीत वस्त्र, धरून हसलं होतं. पुढे तेच गाव दारात आत शिरण्यासाठी भांडायचं.

कार्यक्रम फक्त बायकांचा. दुपारनंतरची असरची नमाज झाली की सुरू, सूर्यास्ताच्या मगरिबच्या आत बंद, म्हणजे कुणाच्या नवऱ्याला तोंड उघडायला जागा नको. बायका दारात काळे बुइबुई, म्हणजे बुरखे, उतरवायच्या आणि आतून एकेक मोरणी निघायची. केसांत मोगरा, हातांवर मेंदी. गाण्यातली एखादी ओळ आपल्या सवतीला किंवा शेजारणीला नेमकी झोंबणारी असली की एखादी उठायची, नोट उंच धरायची आणि डुलत डुलत, सगळ्यांच्या देखत गाणारीपर्यंत जायची. ओळ गाणारीची, बाण हिचा. पुढचे चार दिवस गावाला बोलायला विषय.

दार किदावाचं होतं आणि आवाज शिनूनाचा. किदावा बुटकी, रुंद, डाव्या पायानं अधू. दाराशी तिचं तिपाई स्टूल. चौघींच्या जागेत पाच जणी बसवाव्यात तर तिनंच. "सरका गं जरा, एकीला जागा होऊ दे," एवढंच म्हणायची, आणि एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका मांडीला मांडी लावून बसायच्या.

शिनूना आवाजाचं शास्त्र कुठे शिकली म्हणाल तर कुठेच नाही. तिला टाळीनं हॉल कळायचा. रिकाम्या गोदामात एक टाळी वाजवली की ती पत्र्याला लागून परत यायची, मग मागच्या भिंतीवरून आणखी एकदा. शंभर बायका बसल्या की एकदाच यायची, तीही थकलेली. हॉल भरला की परत यायचीच नाही. माणसांच्या अंगानं, कपड्यांनी, केसांनी ती पिऊन टाकलेली असायची. टाळी मेली की कार्यक्रम जगला, असं त्या दोघींचं बोलणं होतं. किदावा दारातल्या चपला मोजायची, शिनूना टाळी वाजवायची, आणि दोघींच्या आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक पडला तर जी चुकेल तिनं दुसरीला कॉफी आणि काशाताची गोड वडी खिलवायची. बहुतेक वेळा किदावाच खिलवायची. अधू पाय घेऊन मुद्दाम चुकते की काय, असं शिनूनाला कधी कधी वाटे.

किदावाला जाऊन अकरा महिने झाले होते.

२

तिच्या मागं हॉलही रोडावला. गावात व्हिडिओ आला होता. लग्नांत एक पोरगा एका पेटीतून सगळी वाद्यं काढायला लागला होता. मागच्या कार्यक्रमाला एकोणीस बायका होत्या, त्यातल्या तीन वादक मुलींच्या आया. टाळी दोनदा परत आली होती, अगदी ठणठणीत.

गोदामाचा मालक ब्वाना अमूर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर शिनूनाला भांडता आलं असतं. तो घरी आला, किदावाच्या नावानं दुवा केली, कॉफी घेतली, आणि मग म्हणाला, की सिमेंटवाला गोदाम मागतोय.

"बी शिनूना, ईदच्या तिसऱ्या दिवशी हॉल भरून दाखवा," तो म्हणाला. "मी स्वतः दारातून बघीन. भरलेला दिसला तर आणखी एक वर्ष तुमचंच. नाही तर किल्ली द्या आणि माझ्यावर राग धरू नका."

किल्ली तिच्या कमरेला काळ्या दोऱ्यात असायची. झोपतानाही. त्या किल्लीशिवाय आपण कोण, हा प्रश्न तिला पडला. नवऱ्यानं सोडलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्यानंतर तिला जे कुणी ओळखत होतं ते गोदामवाली म्हणून.

तिनं ठरवलं, प्रवेश फुकट. आणि दवंडी स्वतः द्यायची. ईदच्या आदल्या दिवशी गाडीवाल्या हेमेदीची छोटी गाडी घेतली, टपावर कर्णा बांधला, मागे बसून माईक हातात धरला. सबंध गाव पालथं घातलं, होडीच्या धक्क्यापासून नारळाच्या वाड्यांपर्यंत.

कर्ण्याची एक रीत आहे, ती दवंडी देणारा प्रत्येक जण पाळतो. मशिदीपुढं आवाज बंद. आणि गोरखचिंचेच्या झाडापासून कबरस्तानाची पांढरी भिंत संपेपर्यंत आवाज बंद. तिथे किदावा नेहमी शिनूनाच्या माईकवर तळहात ठेवायची. शिनूना बोलण्याच्या नादात असायची, तिला झाड दिसायचं नाही.

या वेळी तळहात नव्हता. झाड आलं, गेलं, पांढरी भिंत सुरू झाली, आणि कर्णा चालूच राहिला. त्यात शिनूना दवंडीपेक्षा काही वेगळंही बोलली. हेमेदीनं आरशातून मागं पाहिलं आणि गिअर टाकताना गाडी कुरकुरली.

"बी, झाड गेलं की," तो नंतर म्हणाला.

"विसरले," शिनूना म्हणाली.

३

ईदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कुलूप काढलं. पहाटेच येऊन खुर्च्या लावून, पुसून ती घरी गेली होती. आता फक्त आवाज तपासायचा होता. दुपार तापलेली, पत्रा तडतडत होता, झरोक्यातून उन्हाचे पट्टे खुर्च्यांवर पडले होते. सगळं रोजचं.

ती मधल्या वाटेवर उभी राहिली आणि टाळी वाजवली.

टाळी परत आली नाही.

तिला वाटलं, हात नीट बसला नाही. तळहात कांग्याला पुसले, पुन्हा वाजवली. आवाज तिच्या हातातून निघाला आणि दोन पावलांवर विरला, जसा गादीवर बुक्की मारल्यावर विरतो. पत्र्याकडून काही नाही. मागच्या भिंतीकडून काही नाही.

शिनूना भित्री बाई नव्हती आणि अडाणी तर मुळीच नव्हती. तिनं कारणं शोधली. समुद्राची हवा दमट आहे. पण पावसाळ्यात याहून दमट असते आणि तेव्हा परत येते. मागच्या खोलीत घायपाताचे गठ्ठे कुणी आणून टाकले असतील. तिनं जाऊन पाहिलं. खोली रिकामी, एक मेलेली पाल. मग आपले कान गेले असतील, वय पन्नाशीला आलं. ती बाहेर गेली, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून टाळी वाजवली. भिंतीनं ती लगेच परत दिली. पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

म्हणजे कान ठीक होते.

आत परतल्यावर तिच्या लक्षात आलं, की खुर्च्या तिनं लावल्या तशा नव्हत्या. ती दोन खुर्च्यांत वीतभर फट ठेवते, घाम येतो म्हणून. आता त्या हाताला हात लावून चिकटलेल्या होत्या. ओळीच्या ओळी एकमेकींकडे सरकवलेल्या, आणि मधली वाट त्यामुळे चांगली रुंद झालेली, जशी दौलतजादा करणाऱ्या बायकांना डुलत जायला लागते. असं लावणारी एकच होती.

झाडूवालीनं केलं असेल, असं शिनूना मोठ्यानं म्हणाली. झाडूवाली ईदला बहिणीकडे गेली होती, हे तिला ठाऊक होतं. ते ती मोठ्यानं म्हणाली नाही.

४

बाबा फाकी नातीचा खांदा धरून आला. हा बायकांच्या कार्यक्रमात चालणारा एकुलता एक पुरुष, कारण जन्मापासून आंधळा. अकॉर्डियन असं वाजवायचा की वाटावं पेटीला पोटात दुखतंय. उंबऱ्यात येताच तो थबकला आणि त्यानं आवाज खाली आणला.

"शिनूना, एवढ्या लवकर आत का घेतलंस यांना?"

"कुणाला?"

"बायकांना. माझे सूर जुळवायचेत अजून. गर्दीपुढं पेटी दुरुस्त करत बसू काय?"

नातीनं शिनूनाकडे पाहिलं. म्हातारा ईदचा पिलाऊ जास्त जेवला असं तिनं डोळ्यांनी सांगितलं. शिनूना म्हणाली, हॉल रिकामा आहे बाबा, एकही बाई नाही. तो हसला.

"मला आंधळ्याला कशाला बनवतेस? चुलीजवळचा माणूस आणि दारातला माणूस मी खोकल्याशिवाय ओळखतो. हॉल भरलाय." मग जरा कान देऊन म्हणाला, "पण गप्प बसल्यात हं. आपल्या पांगानीच्या बायका आणि इतक्या गप्प. मला वाटलं, तू दम दिलास की काय."

गाणारी नासरा आली ती नेहमीसारखी तणतणत. झग्याची शिलाई उसवली, शिंप्यानं फसवलं, प्रवासात होडीवाल्यानं पाय भिजवले. तिच्यामागून व्हायोलिनवाल्या दोघी आणि ढोलकवाली. तपासणीसाठी एक कडवं गाऊन नासरा थांबली. तिनं हात छातीवर ठेवला.

"शोगा, काय केलंस गं हॉलला?" ती शिनूनाला म्हणाली. शोगा म्हणजे बायकांतली जिवाची मैत्रीण. नासरा एरवी तिला हे म्हणायची नाही. "इतका मऊ आवाज माझा कधी लागला नाही. जसा मांडीवर घेतलाय कुणी."

शिनूनाला काहीतरी बोलायचं होतं. पण गाणाऱ्या बाईला गाण्याआधी काही सांगू नये, हा तिचा स्वतःचाच नियम होता. ती म्हणाली, "नवा पडदा लावलाय."

नासरानं पडद्याकडे पाहिलं. पडदा जुनाच होता. पण स्तुती खरी वाटली की बाई कारण तपासत नाही.

५

असर झाली. शिनूना किदावाच्या स्टुलावर दाराशी बसली. आज तिथे बसायचं तिनं टाळून टाळून शेवटी मान्य केलं होतं.

आणि बायका आल्या. खरंच आल्या. नारळाच्या वाड्यांकडून चौघी चौघींचे घोळके, नव्या कांग्यांची कडक घडी, अत्तराचा घमघमाट, एकमेकींच्या कानातल्यांवर टोमणे. शिनूनाचा जीव भांड्यात पडला. पहिली आली ती मासळीवाली तातू, दोन लेकींना घेऊन. तिनं दारात बुइबुईची गाठ सोडली, आत डोकावली, आणि गाठ पुन्हा बांधली.

"अगं भरलंय की," ती म्हणाली. "लवकर या म्हणून तरी ओरडायचं कर्ण्यातून."

शिनूनानं मान वळवून आत पाहिलं. तीनशे रिकाम्या खुर्च्या. उन्हाचे पट्टे.

"जा ना आत. जागाच जागा आहे."

"कुठे बसू? कुणाच्या मांडीवर?" तातू हसली. "राहू दे गं. आमचं पोट भरलं तुझा हॉल भरलेला बघून. किदावा असती तर नाचली असती." आणि लेकींना ढकलत निघून गेली.

तिच्यामागून आलेल्या तिघीही तशाच गेल्या. पुढचा घोळकाही. कुणी चिडून, कुणी हसून, कुणी म्हणत की पुढच्या वेळी दुपारपासून येऊन बसू. कुणी घाबरलं नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. शिनूनानं एकीचा दंडच धरला. हलिमा, शिवणकाम करणारी, शहाणी पोरगी.

"नीट बघ. कोण बसलंय?"

हलिमानं पाहिलं. "बायका."

"कुठल्या? नावं सांग."

"पाठमोऱ्या आहेत ना बी, कशी सांगू?" मग तिच्या कपाळाला आठी पडली. "एकपण मागं वळून बघत नाही."

ती गेली. सर्वांत शेवटी एक म्हातारी आली, काठी टेकत, एकटी. उंबऱ्यात उभी राहून तिनं बराच वेळ आत पाहिलं. चपला काढल्या. पण आत पाऊल टाकलं नाही. ओठातल्या ओठात सलाम केला, तो हॉलच्या दारात कुणी करत नाही, कबरस्तानाच्या दारात करतात. चपला हातात घेऊन ती अनवाणीच परत गेली.

रस्ता मोकळा झाला. शिनूना स्टुलावर बसून राहिली, आणि तेव्हा तिनं स्वतःशी कबूल केलं, की त्या दिवशी ती विसरली नव्हती. तिला झाड दिसलं होतं. भिंत दिसली होती. भिंतीच्या आत चौथ्या ओळीत कोण आहे ते तिला ठाऊक होतं, आणि अकरा महिने ती कुणाशी बोलली नव्हती. म्हणजे बोलायची, भाव करायची, भांडायची, दवंडी द्यायची. बोलली नव्हती. कर्णा तोंडाशी होता आणि तिनं म्हटलं होतं, "किदावा, हॉल भरायचाय गं. माझ्यानं एकटीनं होत नाही. तू ये. जेवढ्या असतील तेवढ्या घेऊन ये."

असं आपण शंभरदा बोलतो. पण कर्णा लावून बोलत नाही.

६

ब्वाना अमूर आला, नवी टोपी, ईदचा पांढरा पायघोळ कांझू. पुरुषानं बायकांत डोकावायचं म्हणून तो आधी दाराबाहेर खाकरला. मग नजर खाली ठेवून क्षणभर आत डोकावला. आतून व्हायोलिन सुरू झाली होती.

शिनूनाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. हा माणूस आता म्हणेल रिकामं आहे, आणि ती किल्ली काढून देईल, आणि सिमेंट येईल. तिला ते हवंसं वाटलं. ईदच्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मनापासून मागितलं.

"माशाल्ला," तो म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाही. बी शिनूना, मला माफ करा, मी तुम्हाला ओळखलं नाही. वर्ष काय, तुम्ही आहात तोवर गोदाम तुमचंच."

"पुन्हा एकदा बघा, ब्वाना."

"परक्या बायकांकडे दोनदा बघू का?" तो लाजून हसला. "शब्द दिला तो दिला. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

तो गेला. सव्वीस वर्षांत हॉलसाठी तिनं जे जे मागितलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात तिला मिळालं. शिनूनानं उठून दार ओढून घेतलं आणि ती आतल्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

७

नासरा गात होती. माणूस आयुष्यात एकदाच गातो असं. समोर रिकाम्या खुर्च्या आहेत हे तिला दिसत होतं की नाही, शिनूनाला कळेना. नासरा डोळे अर्धे मिटून गाते, आणि मंचावरचे दोन दिवे तिच्या तोंडावर होते. बाबा फाकी मान डोलवत होता. व्हायोलिनवाल्या कागदात बघत होत्या. एकही सूर भिंतीवर आदळत नव्हता. सगळा ऐकला जात होता.

मग किदावाचं आवडतं गाणं आलं. त्यात एक बाई तिला सोडून गेलेल्याला विचारते, की तुझ्या घरी आता दिवा कोण लावतं. या ओळीवर किदावा दरवेळी उठायची. दाराचं काम टाकून, अधू पाय ओढत, सगळी वाट चालत जायची. कुणाला टोमणा म्हणून जाते, हे गावाला कधी कळलं नाही. शिनूनालाही नाही. तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती ओळ आली.

आधी आवाज आला. एक पाऊल, आणि मग पाय जमिनीवरून ओढल्याचा. एक पाऊल, आणि ओढल्याचा. मधल्या रुंद वाटेवरून, शिनूनाच्या जवळून निघून मंचाकडे जाणारा. घाई नव्हती त्यात. डुलत जाणाऱ्या बाईला घाई नसते.

शिनूनानं जमिनीकडे बघत राहायचं ठरवलं आणि ते तिला जमलं नाही.

कांगे जोडीनं विकले जातात. गेल्या वर्षी याच ईदला दोघींनी एक जोडी घेऊन मधून कापली होती. पिवळी, काजूच्या काळ्या नक्षीची. तिचा अर्धा भाग आत्ता शिनूनाच्या खांद्यावर होता. दुसरा अर्धा तिनं स्वतःच्या हातानं किदावाच्या जनाज्यावर पांघरला होता.

उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात पिवळं काहीतरी गेलं. काठाची नक्षी दिसली, काळे काजू, आणि वर उंच धरलेलं एक मनगट. मेंदी नखांपर्यंत उतरलेली, जुनी, बऱ्याच दिवसांची. नासरा गाता गाता वाकली, जशी बुटक्या बाईपुढं वाकतात तशी, हात पुढं केला आणि हसली. आणि त्याच क्षणी सगळ्या हॉलमध्ये, समोरच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत, कपड्यांची सळसळ झाली. बसलेल्या बायका मागं वळून बघताना होते तशी.

शिनूनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गाणं संपेपर्यंत तिनं ते काढले नाहीत.

८

मगरिबच्या आत सगळे पांगले. नासरा खुशीत होती. इतका चांगला प्रेक्षक पुन्हा मिळायचा नाही, म्हणाली. दौलतजादा कुणी केली, असं शिनूनानं सहज विचारल्यासारखं विचारलं. नासरा जराशी अडखळली. "कुणीतरी होती की," ती म्हणाली, आणि आपला उजवा तळहात झग्याला पुसला, पुन्हा पुसला. "हात मात्र गार होते गं तिचे." बाबा फाकी जाताना म्हणाला, बायकांना आधी बाहेर काढ, मग दिवे घालव, अंधारात बसवून ठेवणं बरं नाही.

शिनूना एकटी राहिली. तिनं टाळी वाजवली.

परत आली नाही.

गेल्या नव्हत्या. कार्यक्रम संपला की बायकांना घालवणं हे काम तिचं कधी नव्हतंच. दार किदावाचं. किदावा स्टुलावर उभी राहायची आणि एका दमात सगळ्यांना हाकलायची, तेही कुणी रागावू नये असं. ते शब्द शिनूनाला पाठ होते. ती दारापर्यंत गेली, दार सताड उघडलं, स्टुलाला हात टेकला आणि किदावाच्या चालीत म्हणाली,

"चला गं बायांनो, झालं गाणं. आता घरी चला."

काही झालं नाही. वारा आला नाही, दार हललं नाही. ती शंभरापर्यंत मोजत उभी राहिली. मग पुन्हा टाळी वाजवली.

टाळी पत्र्याला लागली, परत आली. मागच्या भिंतीवरून आणखी एकदा आली. रिकाम्या गोदामाची ठणठणीत टाळी. सव्वीस वर्षांत तो आवाज तिला इतका गोड कधी लागला नव्हता. तिनं कुलूप घातलं आणि ती नदीच्या कडेनं घराकडे चालायला लागली.

घर म्हणजे दोन खोल्या, एक तिची आणि एक किदावाची. अकरा महिन्यांत त्या घरात आवाज फार मोठे झाले होते. ताटलीवर चमचा ठेवला तरी पलीकडच्या खोलीतून उत्तर यावं असा वाजायचा. रात्री तिला स्वतःचा खोकला ऐकून दचकायला व्हायचं. माणूस कमी झालं की घर भांड्यासारखं वाजतं.

तिनं दिवा लावला. कमरेचा दोरा सोडला आणि किल्ली पत्र्याच्या डब्यात टाकली.

किल्ली वाजली. पण नुसतीच वाजली. आवाज डब्याबाहेर पडला नाही.

मग तिनं हात वर उचलले. तळहात एकमेकांपासून दूर धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, कारण टाळी वाजवली नाही तोवर काही सिद्ध होत नव्हतं. मग हळूच, एकदाच, वाजवली.

खोलीनं ती पिऊन टाकली.

तिनं दिव्याची वात बारीक केली नाही. किदावाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं नाही. बुइबुई अंगावर तसाच ठेवून ती खाटेपाशी आली, आणि आडवी होताना नेहमी मध्यावर पडणारी ती बाई, भिंतीला अगदी चिकटून, अंग चोरून पडली. अकरा महिने तिला वाटत होतं की जगात आपल्या शेजारी कुणी नाही. आता तिला मोजायची इच्छा नव्हती. कुणी काही म्हणायच्या आधीच ती आणखी थोडी सरकली, एकीला जागा होण्यापुरती.

खाटेच्या रिकाम्या बाजूच्या दोऱ्या ताणल्या गेल्या.

आणि मग, उशाशी, दाराशी, पलीकडच्या खोलीत, सगळीकडून, हळूहळू, मांडीला मांडी लावत, सरकल्याची सळसळ सुरू झाली.